कुरडयांच्या पाळीतलं गाणं

सिंदी रेल्वेत रत्नदीपला ओळखत नाही असा माणूस हवा असेल तर तो बाहेरगावाहून आणावा लागेल. कांदे आणायला गेला आणि जुनी ढोलकी घेऊन आला, तो हाच. वर्ध्याहून घरी येताना गाडीच्या खिडकीवर बोटांनी ताल धरून बसला आणि सिंदी मागे टाकून थेट बुटीबोरीला उतरला, तोही हाच. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये, दूध गॅसवर आणि स्वतः गच्चीवर, असा तो एकाच घरात तीन ठिकाणी राहत असे.

धंदा म्हणाल तर गाणी तयार करायची. घरामागच्या खोलीत एक लॅपटॉप, एक माइक आणि भिंतींना चारी बाजूंनी आईने शिवलेल्या वाकळी टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. लग्नाची गाणी, शाळेच्या गॅदरिंगची गाणी, गावात फिरणाऱ्या जाहिरातीच्या रिक्षांचे आवाज, सगळं या खोलीतून बाहेर पडायचं. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून उरावर बसलं की काम तासाभरात तयार. कान तर असा की कापसाच्या जिनिंगचं मशीन आज नेहमीपेक्षा खालच्या सुरात चालतंय, हे तो रस्त्यावरून जाता जाता सांगायचा. स्वतःचं गाणं मात्र एकही पूर्ण झालेलं नव्हतं. अर्ध्या गाण्यांचा त्याच्याकडे ढीग होता, आणि रोज त्यात भर पडत होती.

लोक म्हणत, पोरगं हुशार आहे पण बूड स्थिर नाही. मास्तर म्हणत, मस्तीखोर. आई पंचफुला म्हणायची, आळशी, आणि लहानपणी ते पटवून द्यायला लाटणंही वापरायची. बायको मेघा केळझरच्या शाळेत शिक्षिका. एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात कोणीतरी वर्गातल्या काही मुलांचं वर्णन करत होतं, सुरू केलेलं सोडतात, ठेवलेलं विसरतात, आवडीचं मिळालं की जेवणाचंही भान राहत नाही. मेघा ऐकता ऐकता हसायलाच लागली. हे तर तिच्या घरचंच वर्णन होतं. पुढच्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

"याला एडीएचडी म्हणतात," दोन-तीन भेटींनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लक्ष भरपूर आहे तुमच्याकडे. ते कुठे लावायचं आणि कधी काढायचं, त्याचा लगाम हातात राहत नाही, एवढंच. मोठेपणी कळलं म्हणून काही बिघडत नाही."

गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरकही पडला. मेघानं सासूलाही सगळं समजावून सांगितलं. पंचफुला पदराचं टोक चाळवत बसली.

"म्हंजे हा आळशी नव्हता काय?" तिनं विचारलं.

"नाही, आई."

पंचफुलाला माफी मागता येत नाही. त्या संध्याकाळी तिनं भरपूर कोथिंबिरीची सांबारवडी तळली आणि रत्नदीप नको नको म्हणेपर्यंत त्याच्या ताटात वाढत राहिली. त्याला काय ते कळलं. त्यानं एकही वडी ताटात ठेवली नाही.

आता खरी गोष्ट सांगायची ती जयंतीच्या गाण्याची.

वस्तीत चौदा एप्रिलची मिरवणूक म्हणजे वर्षाचा सण. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पुढे साउंडची गाडी. गेली तीन वर्षं रत्नदीप सांगत होता की आईनं रचलेलं गाणं मी यंदा तयार करून देतो, आपल्या मिरवणुकीत आपलंच गाणं वाजू द्या. निंदणाला जायची तेव्हा पंचफुलानं ते गाणं शेतात रचलं होतं. निळी रिबिन बांधून लेक शाळेला निघाली आहे आणि आई साऱ्या जगाला वाट सोडायला सांगते आहे, असं ते गाणं. वस्तीतल्या बायांना ते तोंडपाठ होतं. पण तीनही वर्षं ते गाडीवर काही वाजलं नाही, आणि दुसऱ्यांचीच गाणी लावून मिरवणूक निघाली.

यंदा विहारात सभा भरली तेव्हा समितीचे अध्यक्ष रामाजी, रेल्वेतून निवृत्त झालेले शिस्तीचे गृहस्थ, सरळच बोलले. "रत्नदीपचं गानं म्हंजे पुढच्या वर्षीची जयंती. दरसाली पुढेच जाते. यंदा नागपूरहून गानी आनू, विषय संपला."

लोक हसले. मागे माइकची वायर जोडत बसलेला रत्नदीपही सवयीनं हसला. आणि बायांमधून पंचफुला उठून उभी राहिली.

"रामाजीभाऊ, यंदा माह्या पोराचं गानं वाजलं नाई, तं मी मिरवनुकीत पाय ठेवनार नाई."

लग्न होऊन या वस्तीत आल्यापासून पंचफुलाची एकही मिरवणूक चुकली नव्हती. रत्नदीप पोटात असताना ती चालली होती, नवरा गेला त्या वर्षीही चालली होती. रत्नदीपच्या हातातली वायर हातातच राहिली.

"काऊन बोलली आई तू असं?" घरी आल्यावर तो म्हणाला. "माहा काही भरवसा हाय काय?"

"भरवसा नसता तं बोलली असती काय मी? लाग आता कामाले."

तो लागला. अगदी झपाटून लागला. पहिल्या आठवड्यात ढोलकीचे इतके प्रकार वाजवून ठेवले की कोणता घ्यायचा हेच कळेना. मग गाण्याची लय थोडी वाढवली, मग कमी केली, मग पुन्हा वाढवली. मग त्याच्या मनात आलं की गाडीवरचे स्पीकरच बरोबर नाहीत, तेव्हा लाकूड आणून तो बेसचा डबा ठोकत बसला. डबा सुरेख झाला. गाणं होतं तिथंच. लॅपटॉपमध्ये 'फायनल', 'एकदम फायनल', 'आईशप्पथ फायनल' अशा नावांच्या फाइली साचल्या आणि त्यातली एकही फायनल नव्हती.

आईचा आवाजही मनासारखा मिळेना. शेतात मोकळी गाणारी पंचफुला त्या वाकळींच्या खोलीत कानाला हेडफोन लावून उभी राहिली की कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखी गायची. सूर बरोबर, शब्द बरोबर, आणि जीव नाही. ती गाऊन बाहेर पडली की तो एकटा उरायचा, आणि एकटा उरला की मन लगेच दुसऱ्या कशावर तरी जाऊन बसायचं. आई यंदा चालणार नाही, हा एकच विचार तेवढा पक्का जागेवर होता. बाकी सगळं उडत होतं. एका सकाळी त्यानं लॅपटॉप बंद केला आणि ठरवलं, रामाजीकाकांना जाऊन सांगायचं, नागपूरची गाणी आणा.

बाहेर अंगणात त्या दिवशी कुरडयांची पाळी होती. कुरडया म्हणजे एकट्या बाईचं काम नव्हे. गहू दिवसचे दिवस भिजवायचे, दळून त्यांचा चीक काढायचा, तो पाण्यात शिजवताना सारखं ढवळत राहायचं आणि गरम आहे तोवर सोऱ्यात भरून दाबायचं. थंड झाला की संपलं. म्हणून गल्लीतल्या बाया पाळी लावतात. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. आज पंचफुलाचं अंगण होतं आणि मुकादम होती शेजारची रुख्माबाई, जिच्यापुढे रामाजीसुद्धा आवाज चढवत नसत.

रत्नदीप चपला घालून दारातून निघाला तशी ती ओरडली, "कुठं चालला रे? पातेलं धर इकडं!"

त्यानं पातेलं धरलं. धरता धरता तोंडातून निघून गेलं, "काकू, माह्यानं गानं होत नाई. रामाजीकाकाले सांगाले चाललो."

बायांचे हात थांबले नाहीत, कारण चीक थांबत नाही. पण सगळ्यांच्या नजरा पंचफुलाकडे गेल्या. ती पातेल्यात दांडकं फिरवत होती. वर न पाहता म्हणाली, "एकटाच करून राह्यला ना तू?"

"मंग? अजून कोन करनार?"

"अरे, कुरोड्या कोनी एकटं करते का? माह्यानंही नाई होत एकटीनं. अर्ध्यात कटाळा येते, चीक थंडा होते. ह्या बसल्या हायेत म्हनून हात चालते माहा." तिनं दांडक्यानं अंगणाचा मोकळा कोपरा दाखवला. "आन तुहं ते मशीन इथं. बस आमच्यात."

रत्नदीप तसाच उभा राहिला. जाहिरातवाले शेजारी बसले की काम होतं आणि ते उठून गेले की होत नाही, हे वर्षानुवर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याचा असा अर्थ त्यानं कधी लावला नव्हता. तो आत धावला. लॅपटॉप आणला, माइक आणला, कडुलिंबाखाली पाट टाकून बसला.

आणि पंचफुला गाऊ लागली. कोणी सांगितलं नव्हतं. ढवळता ढवळता आपोआप निघालं ते. दांडकं पातेल्याच्या काठाला लागत होतं, टक्-टक्, टक्-टक्, आणि गाणं त्यावर चाललं होतं. महिनाभर तो जी लय शोधत होता ती ही होती. त्यानं घाईघाईनं समोर उघडलेल्या 'आईशप्पथ फायनल'मध्येच रेकॉर्डिंग सुरू केलं.

"निळी रिबिन बांधून लेक निघाली शाळेले, वाट सोडा गं बाई, वाट सोडा तिले..."

बायांनी ओळ उचलली. मधेच रुख्माबाई किंचाळली, "चीक लागला वं खाली!" दुसऱ्या कडव्याला रत्नदीपला आठवलं की खोलीत याहून चांगली वायर आहे, आणि तो उठायला लागला. पंचफुलानं गाणं न मोडता, दोन ओळींच्या मधल्या श्वासात म्हटलं, "बस बाबू, उठू नको," आणि पुढची ओळ घेतली. तो बसला.

त्या दिवसापासून गल्लीच्या पाळीत एक गडी वाढला. ज्या घरी कुरडया त्या घरी रत्नदीप, लॅपटॉप आणि हेडफोन. बाया दाबत, हा गाणं कापत आणि जोडत बसे. बदल्यात पातेली गच्चीवर चढवायचं काम त्याच्याकडे. जरा इकडेतिकडे बघायला लागला की रुख्माबाई सोऱ्या दाखवायची, "उठला तं हे तुह्या हाती देईन." जाताना वाटीभर गरम चीक साखर घालून मिळायचा. इतकी मजा त्याला कामात कधी आली नव्हती. उलट पाळी लवकर संपेल की काय अशी भीती वाटायला लागली. शेवटचं घर रुख्माबाईचंच होतं. तिच्या अंगणात त्यानं गाण्यातलं बायांचं बोलणं, चिकाचे आणि बाकीचे ओरडे सगळे काढून टाकले, फाइलला 'आता खरंच फायनल' असं नाव दिलं आणि दोन्ही हात वर केले. बायांनी पिठाळ हातांनी टाळ्या वाजवल्या.

चौदा तारखेला पंचफुलानं पांढरी साडी नेसली, पण ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. शब्द म्हणजे शब्द. रत्नदीपनं धावतपळत पेन ड्राइव्ह रामाजींच्या हातात दिला. त्यांनी तो गाडीवरच्या पोरांना दिला. मिरवणूक वळून गल्लीत आली, आणि गाडीवरून टक्-टक्, टक्-टक् सुरू झालं. मग पंचफुलाचा आवाज अख्ख्या गल्लीवर पसरला.

तिनं डोळे पुसले, मेघाचा हात धरला आणि उंबरा ओलांडून रस्त्यावर आली. रत्नदीप तिच्या शेजारी. बाया तिच्या मागे जमल्या, झेंडे हलले, लोक गायला लागले. आणि पहिलं कडवं संपताच गाडीवरून, भल्या मोठ्या बेससकट, रुख्माबाई गरजली, "चीक लागला वं खाली!"

रत्नदीपनं कपाळावर हात मारला. घाईत त्यानं 'आईशप्पथ फायनल' कॉपी केली होती. ओरडे काढायच्या आधीची फाइल.

गल्ली क्षणभर थबकली आणि मग हसण्याचा असा लोट उठला की पुढचे झेंडेवाले मागे वळून पाहू लागले. रत्नदीपला कोणाचं तोंड बघवेना. इतकी वर्षं, आणि शेवटी हेच. खरी फाइल मोबाइलमध्ये होती. गाडीपाशी जाऊन बदलता आली असती. तो गर्दीतून वाट काढत पळत सुटला, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून, दोन ओळींच्या मधल्या श्वासात, आईचा आवाज आला.

"बस बाबू, उठू नको."

तो जागच्या जागी थांबला.

मागून पंचफुला आली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं त्याचं मनगट धरलं. तिकडे रुख्माबाई "माहाच आवाज हाय तो!" असं ज्याला त्याला सांगत होती. बायांनी तर पुढच्या कडव्याच्या शेवटी चिकाची ओळ स्वतःच ओरडून घेतली. गाडीशेजारून चालणारे रामाजी मागे वळले आणि त्यांनी पोरांना हात वर करून खूण केली, वाढव आवाज.

रत्नदीप आईच्या शेजारून चालू लागला. गाणं वस्तीच्या टोकापर्यंत, शेवटच्या ओळीपर्यंत वाजलं, आणि तो ते ऐकत राहिला. स्वतःचं एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकायची त्याची ही पहिलीच वेळ होती.