कॅम्पच्या आधी काय होतं

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी उल्हासनगरच्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवत होते. राहायला अंबरनाथला. सहामाहीच्या पेपरात मी पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न घातला : आपलं शहर कसं वसलं? उत्तरही मीच वर्गात लिहून दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ओसाड माळावर लष्कराची छावणी, म्हणजे कॅम्प, झाली, फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले.

एका मुलीने लिहिलं, ‘माळ ओसाड नव्हता. तिथे आमचं भाताचं शेत होतं.’ मी त्यावर लाल रेघ मारली.

पेपर वाटल्यावर दोन दिवसांनी तिची आजी शाळेत आली. सत्तरीची आगरी बाई. भाजीची पाटी दाराशी उतरवून तिने पेपर माझ्यासमोर धरला.

“बाई, पोरीनं खोटा काय लिवलाय?”

“खोटं नाही आजी, पण शिकवलं तसं लिहायला हवं होतं.”

“आनि तुमाला कोनी शिकवला?”

कुठल्याशा जुन्या स्मरणिकेतून मी ते चार ओळींत उतरवून घेतलं होतं. ओसाड हा शब्दही तिथलाच.

आमच्याच इमारतीत हिंदी माध्यमाचे वर्ग भरत. तिथल्या एक सिंधी शिक्षिका निवृत्तीला आल्या होत्या. मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, इथे आधी काय होतं? त्या म्हणाल्या, “माँ बताती थी, यहाँ कुछ नहीं था. घास और साँप, बस.” मी म्हटलं, हेच माझ्या वर्गात येऊन सांगाल? आजींनाही बोलावणं धाडलं.

शनिवारी दोघी आल्या. शिक्षिका आधी बोलल्या. तीन वर्षांच्या असताना आल्या त्या. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. पलीकडचं मूल रडलं की अलीकडचंही उठायचं. मुलं हसली. मग त्या गवताचं आणि सापांचं बोलल्या, तशी आजी ताडकन उठली.

“गवत कसला? भात व्हायचा तिथं! शेत गेला तवा मी परकरात व्हते. बा बांधावर बसून रडला.”

“हमने तो नहीं लिया, अम्मा. बॅरक पहले से खडे थे.”

“तू कशाला घेशील? तू तर बारकी पोर.” आजी खाली बसली. मग तिनेच विचारलं, “तुजा गाव कुटं?”

शिक्षिकांनी सिंधमधल्या गावाचं नाव सांगितलं. तिकडे त्यांचंही शेत होतं, गव्हाचं.

“मंग परत गेलीस का कंदी?”

“कैसे जाऊँ?”

तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “बाई, मग परीक्षेत नक्की काय लिहायचं?”

मी म्हटलं, “दोघींचं लिहा. आणि कोणी सांगितलं, तेही लिहा.”

शेताचं लिहिणाऱ्या मुलीचे मार्क वाढवायला गेले, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या की निकाल लागला, आता खाडाखोड नको. मी मुलीची वर्गासमोर माफी मागितली. ती लाजून खाली बघत राहिली.

पण मला त्यानंतर बरेच दिवस स्वस्थता नव्हती. छप्पन साली माझ्या आईवडिलांनी घरातले देव पाण्यात सोडले आणि ते बौद्ध झाले. पुस्तकात त्या सामूहिक धर्मांतराला एक ओळ होती. दरवर्षी मी ती वाचून पुढे जात असे. शेताची लाल रेघ मला दिसली, पण ही ओळ ओलांडताना मी स्वतःलाच गप्प करत होते, हे तेव्हा कुठे उमगलं.

त्या वर्षी ती ओळ आली तेव्हा मी पुस्तक मिटलं. देव सोडताना आई कशी घाबरली होती, रिकाम्या देव्हाऱ्यात तिने वर्षभर कपबशा ठेवल्या, ते सांगितलं. काही मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. दोघी-तिघींनी मात्र खाली मान घालून वहीत भराभर लिहायला घेतलं होतं.