गाडी वळायची जागा

भोरला कॉलेजात मी भूगोल शिकवते. ‘विकसनशील देश’ हा धडा आला की पुस्तकात पहिल्या पानावरच रस्ते येतात. रस्ता आला की बाजार येतो, शाळा येते, दवाखाना येतो. मला तिथं दर वर्षी हसू येतं. अहो, रस्ता तर आमच्याही गावाला आला होता! पुढं काय?

आमचं गाव आंबवड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. डांबरी सडक थेट देवळापर्यंत आली, नारळ फुटला, भाषणं झाली. एसटी मात्र काही येईना. का, तर गाडी वळायला जागाच नाही. सडक देवळापाशी एकदम संपते. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली भाताची खाचरं. रस्ता आखणाऱ्या शहाण्यांनी गाडी वर कशी जाईल ते पाहिलं, परत कशी येईल ते कुणी पाहिलंच नाही.

माझी तेव्हा दहावीची परीक्षा झालेली. पुढचं शिक्षण भोरला, आणि एसटीच्या फाट्यापर्यंत चालत जायचं तर सडक लांबच्या वळशाची, जवळची ती रानातली पायवाट. पावसाळ्यात मधला ओढा कुणाला जुमानत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, एकच वाक्य बोलले होते, “एसटी आली तर जा.” झालं! माझी अकरावी त्या गाडीच्या वळण्यावर लटकली. मैत्रिणी आंबे-करवंदं खात हिंडत होत्या आणि मी देवळापुढं उभी राहून जागा बघत होते.

गाडी सगळ्यांनाच हवी होती, पण स्वतःची जागा कुणी देईना. त्यात चूक तरी काय म्हणू? डोंगरात सपाट म्हणून जेवढं आहे तेवढं खाचर, आणि खाचर म्हणजे वर्षाचा भात. शेवटी सगळ्यांनी मिळून देवळामागचा उतार खणून सपाट केला. माझे चुलते त्यात पुढारी. गावातला एकमेव टेम्पो त्यांचा. त्यांनी तो ऐटीत वळवून दाखवला आणि मिशीला पीळ भरला. “बघा! एसटी डोळं झाकून वळंल.”

डेपोची गाडी चाचणीला आली तेव्हा अख्खा गाव गोळा झाला. ड्रायव्हरनं मागं घेतली, पुढं घेतली, पुन्हा मागं घेतली. गाडीचं तोंड बांधाला टेकलं आणि ढुंगण देवळाच्या कट्ट्याला. ड्रायव्हर घाम पुसत उतरले. “अवो, टेम्पोच्या मापानं एसटी वळती व्हय? ह्यो बांध फोडून खालचं खाचर भरून घ्या, मग बघू.” आणि ती बिचारी गाडी तशीच उलटी, मागं मागं, फाट्यापर्यंत उतरली. पोरं ओरडत तिच्यापुढं धावत होती.

खालचं खाचर आमचं होतं. आंबेमोहराचं, सगळ्यांत चांगलं. सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं आणि आप्पांनी जमिनीकडं. मला राहवेना. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. चारचौघांत मी आप्पांना म्हणाले, “येष्टी आली तर जा म्हनलात ना? मग सरळ शिकू नगो म्हनायचं व्हतं!” आई माझा दंड धरून घरी घेऊन गेली. आता चुलीपुढंच जन्म जाणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि पोटभर रडले.

सकाळी घरात कुणी नाही. देवळाकडं गेले तर आप्पा टिकावानं बांध फोडत होते आणि आई पाटीनं माती खाचरात टाकत होती. मी खांबासारखी उभी. आई करवादली, “बघतीस काय भवाने? पाटी उचल! कॉलेजात तू जानार का म्या?” दुपारपर्यंत चुलते टेम्पोत मुरूम भरून हजर झाले. मापाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही मोठ्या मनानं विचारलं नाही.

पुन्हा एसटी आली, एका झटक्यात वळली. मी भोरला जायला लागले. उत्रोलीच्या आसपासची ऐसपैस, सपाट भातशेती खिडकीतून दिसली की मला त्या लोकांचा हेवा वाटायचा. यांना काय, इथं दहा एसट्या वळतील!

पुढच्या वर्षी मी बारावीला असताना भादव्यातच घरातला तांदूळ संपला. आमच्या घरात तांदूळ विकत आणायची वेळ तोवर कधी आली नव्हती. आप्पा भोरच्या बाजारात आले, पोतं घेतलं आणि संध्याकाळी माझ्याच गाडीत चढले. पोतं पायांशी, नजर खाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून गावातल्या एका म्हाताऱ्यानं मुद्दाम हटकलं, “काय रं, भाताचा मालक तू, आन तांदूळ इकत घेतलास? खाचर कुठं गेलं तुजं?”

आप्पांनी मान वर केली. माझ्याकडं बोट केलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, “ही काय, हितं बसलीया! बारावीला हाय.”

सगळी गाडी हसली. सगळ्यांत मोठ्यानं आप्पा हसले.