मासळीच्या ओट्यावरचं बिरडं

वडील ज्येष्ठात गेले. ते द्रोणागिरीच्या एका गोदामात पहारेकरी होते. आई पनवेलच्या मासळी बाजारात ओट्यावर बसते. दरवर्षी श्रावणात ती घरी राहायची, कारण गिऱ्हाईक नसायचं आणि घर वडिलांच्या पगारावर चालायचं.

ओट्यांचा नियम बायकांनी आपसात ठरवलेला आहे. ओटा फार काळ रिकामा राहिला की शेजारीण आपली पाटी त्यावर सरकवते आणि मग तो तिचाच होतो. वडील गेल्यापासून आईचा ओटा रिकामाच होता. श्रावणभर तसाच राहिला असता, तर तो गेला असता.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी आई मोड आलेले, सोललेले वाल, म्हणजे बिरडं, घेऊन ओट्यावर बसली. म्हणाली, "म्हावरा सोडला का मानसं वालच खातात."

मी कामोठ्यात एका क्लासमध्ये बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. त्या आठवड्यात मागणीचा धडा चालू होता. भाव उतरला की मागणी वाढते. बिंदू मागणीच्या त्याच रेषेवरून खाली सरकतो. ऋतू बदलला, रीत बदलली, की पूर्ण रेषाच जागा सोडते. श्रावणात मासळीची रेषा डावीकडे जाते, वालाची उजवीकडे. एकीऐवजी दुसरी घेतात, म्हणून या पर्यायी वस्तू. आईचा हिशेब पुस्तकाप्रमाणे बरोबर होता.

वाल खपले नाहीत.

शेजारीण म्हणाली, "वयनी, भाव पाड." आईने पाडला. दुसऱ्या दिवशी आणखी पाडला. श्रावण पाळणारे मासळी बाजारात पाऊल ठेवत नव्हते, आणि जे येत होते त्यांना मासळीच हवी होती. एकाने वालांचा वाटा उचलून वास घेतला आणि परत ठेवला. दाराजवळची आमसुलं विकणारी बाईही रिकामी बसून होती. मासळी नाही तर आमसूल नाही. या पूरक वस्तू. मी क्लासला जाताना हे पाहत होतो. नुसतं पाहत होतो, काही वाटत नव्हतं.

सोललेलं बिरडं टिकत नाही. आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ तेच खात होतो.

मग एका सकाळी आईचं जुनं गिऱ्हाईक, एक शिक्षिका, बाजाराच्या दाराबाहेर थांबली. आत न येता तिने हाक मारली, "मावशी, बिरडं विकताय म्हणे? जरा बाहेर आणा ना. माझा श्रावण आहे."

आई पाटी घेऊन बाहेर गेली. रस्त्याने जाणाऱ्या, श्रावण पाळणाऱ्या बायकाही थांबल्या आणि पाटी दुपारच्या आत रिकामी झाली. भाव तिने पहिल्या दिवसाचाच लावला होता.

दुसऱ्या दिवशी ती थेट दाराबाहेर बसली. मी विचारलं, "ओट्याचं काय?"

"ओटा खातोस का?" ती म्हणाली.

आठवडाभरात शेजारणीची पाटी आईच्या ओट्यावर आली. आईला ती बाहेरून दिसत होती. तिने जागा तेवढी बदलली आणि ओट्याकडे पाठ, गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसली.

गणपती गेले आणि आई मासळी घेऊन आत गेली. मीही तिच्यासोबत होतो. शेजारीण पूर्ण ओटा पसरून बसली होती.

"सरक गो," आई म्हणाली.

"वयनी, मला वाटला तू आता वालवाली झालीस." बाजूच्या बायका हसल्या. आई उभीच राहिली. थोड्या वेळाने शेजारणीने सुरमईची पाटी ओढून घेतली. अर्धा ओटा मोकळा झाला. आईने तो धुतला, मासळी कापायचा पाट ठेवला आणि बसली. उरलेला अर्धा तिने मागितला नाही.

पहिलं गिऱ्हाईक ती शिक्षिकाच होती. तिने पाटीकडे पाहिलं. "आज बिरडं नाही का?"

"नाय," आई म्हणाली. "बोंबील घे. ताजे हायत."

तिने घेतले. अर्ध्या ओट्यावर पाटाला जागा कमी पडत होती. आईने कोपर अंगाशी धरून बोंबील साफ केले.