आधीच कापून ठेवलेल्या काचा

निवडणुकीचा निकाल लागायच्या रात्री काचवाल्याच्या दुकानात दिवा जळायचाच. त्याला राजकारणाची आवड होती म्हणून नव्हे. मत तो द्यायचा, पण दगडापेक्षा वीट मऊ म्हणून, आणि कुणाला दिलं ते बायकोलासुद्धा सांगायचा नाही. तो जागायचा धंद्यासाठी. निकाल जुन्या पक्षाच्या बाजूने लागो की नव्या, हरलेले रस्त्यावर उतरणार आणि मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांच्या काचा फुटणार, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. जिंकलेलेही काही मागे राहत नसत. लोकांना हर्ष झाला तरी दगडच का सुचतो, हे देव जाणे. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, आणि तो तिसरा म्हणजे हा.

एरवी माणूस अगदी नाकासमोर चालणारा. बोटांवर जुन्या जखमांचे पांढरे वण, बोलणं मोजकं, आवाज कधी चढायचा नाही. आईबाप लवकर गेले तेव्हा पाठचा भाऊ ह्याच्या हातात सोडून गेले. त्याला ह्यानेच वाढवला, नंतर वहिनी आली तिने वाढवला. सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. मापाच्या टेपचं एक टोक थोरल्याच्या हातात, दुसरं धाकट्याच्या, असा दोघांचा जन्म चालला होता. अक्षरं गिरवायच्या आधी त्याला टेप धरता यायला लागली. "टोक हललं की काच गेली," एवढीच थोरल्याची शिकवण.

निकालाच्या आधी काचवाल्याचा एक नेम असे. दोघे भाऊ दिवसाढवळ्या मोठ्या रस्त्यावरून फिरायचे, एकेका दुकानाच्या दर्शनी काचेचं माप घ्यायचे आणि तशा काचा आधीच कापून ठेवायचे. कुठली कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येकीवर खडूने लिहायचे. म्हणजे ज्याची फुटली त्याला सकाळी ताटकळत बसायला नको. यात चोरून काहीच नव्हतं. दुकानदार उलट थट्टा करायचे. यंदाही औषधवाला गल्ल्यावरून ओरडला होता, "काचवाले, आमचं माप नीट घ्या बरं का! मागच्या खेपेला वारा शिरत होता."

बायकोला मात्र हे कधी पटलं नाही. "लोकांच्या वाईटावर टपून बसल्यासारखं दिसतं हे," ती म्हणायची.

"मी टपून बसत नाही. तयारी करतो," तो म्हणायचा, आणि विषय संपायचा.

यंदा त्याचा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. धाकटा नव्यांच्या नादी लागला होता. टेप टाकून प्रचाराला जायचा, घसा बसवून यायचा. काचवाल्याला सरकार कुणाचं येतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. पोरगा हातीपायी धड घरी यावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

रात्र पडली तसे टीव्हीवर आकडे हलू लागले. आधी नवे पुढे गेले. धाकटा वाऱ्यासारखा दुकानात आला, वहिनीचे दोन्ही हात धरून नाचला. "वहिनी, आलो आम्ही! आता बघच!"

"भाऊजी, शितावरून भाताची परीक्षा नका करू. दोन घास खा आणि इथेच बसा."

"जेवण पळून जातंय का? हे बघायला परत मिळणार नाही." आणि तो गेला. ताट तसंच झाकून राहिलं.

मग आकडे फिरले. जुने बरोबरीला आले, थोड्या वेळाने पुढे सरकले. टीव्हीवरचा माणूस अजून पुष्कळ मोजणी बाकी असल्याचं घसा फोडून सांगत होता, पण त्याचं ऐकतो कोण! रस्त्यावर कुणीतरी ओरडलं, "मोजणीत घोळ केलाय!" तेवढ्याने पेटलं.

काचवाला शटर फटीपुरतं उघडं ठेवून आत बसून ऐकत राहिला. त्याच्या हातची प्रत्येक काच त्याला आवाजावरून ओळखता यायची. आधी चष्मेवाल्याची गेली, पातळ, चुरचुरत. मग केकच्या दुकानाचं दार. मग धप्प करून मोठी कोसळली, ती औषधवाल्याची. तिच्या पाठोपाठ एक आवाज आला तो काचेचा नव्हता. माणूस ओरडला होता, म्हातारा माणूस. काचवाला उठून उभा राहिला.

बाहेर टायर पेटले होते. लाठ्या चालल्या, पळणाऱ्यांच्या पाठी फुटल्या. कुणाला तरी खाली पाडून लाथा घालत होते आणि तो आईच्या नावाने ओरडत होता. काचवाल्याने फटीतून बघितलं. तो आपला नव्हता, म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

मागच्या दाराने धाकटा आत आला. अंगाला धूर, डोळे लाल. "दादा, मी एकच दगड मारला रे. कुठे लागला ते बघितलं नाही."

काचवाल्याने त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीवर जाऊन आदळला. लहानपणापासून कधी हात उचलला नव्हता. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा बायको मध्ये पडली. तेवढ्यात शटरवर सळई आपटली.

शटर वर गेलं. पुढे औषधवाला, मागे चष्मेवाला, आणखी चारपाच जण. औषधवाल्याच्या शर्टावर रक्त होतं. ते त्याचं नव्हतं. गल्ल्याशेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांचं डोकं फुटलं होतं.

"धाकट्याला गर्दीत पाहिलंय लोकांनी. त्याला इकडे द्या," तो म्हणाला.

"तो कुठे गेला नव्हता," काचवाला म्हणाला. "संध्याकाळपासून माझ्याजवळ बसलाय. विचारा हिला." मापात सुताचीही लबाडी न केलेला माणूस भावासाठी तोंडभरून खोटं बोलला. बायकोने मान डोलावली. झाकलेलं ताट तिच्या मागेच होतं.

चष्मेवाल्याची नजर मात्र घोडीकडे गेली होती. तिथे कापलेल्या काचा ओळीने उभ्या होत्या आणि खडूची नावं दिव्याखाली लख्ख दिसत होती. चष्मेवाला. केकवाला. सगळ्यांत मोठीवर औषधवाला. दोन आठवड्यांपूर्वी ह्याच मापावर हसलेली माणसं आता तीच नावं वाचत होती, आणि कुणीही हसत नव्हतं.

"असं होय!" औषधवाला म्हणाला. "धाकट्याने फोडायची, थोरल्याने बसवायची. बिल आधीच तयार! माझ्या बापाचं डोकंही मापात धरलं होतं का रे?"

"अहो, तुमच्यासमोर तर माप घेतलं..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. औषधवाल्याने सळई फिरवली ती काचवाल्याच्या डोक्यावर. धाकट्याने हात मध्ये घातला. सळई निसटून घोडीवर बसली, घोडी कलली आणि सगळ्यांत मोठी काच उभीच्या उभी सरकून दुभंगली. तिचा अर्धा भाग धाकट्याच्या मनगटावर आला. रक्त भिंतीवर उडालं, टीव्हीवर उडालं, खडूच्या नावांवर उडालं. आत आलेले सगळे जागच्या जागी थिजले. काचवाल्याने दोन्ही मुठींनी भावाचं मनगट आवळलं, बायकोने टॉवेल गुंडाळला, आणि औषधवाल्यालाच ओरडून सांगितलं, "बघता काय? पट्टी आणा!" तो पळत गेला आणि फुटक्या दुकानातून पट्टी घेऊन आला.

सकाळी निकाल लागला तो असा की बहुमत कुणालाच नाही. आठवड्याभरात जुने आणि नवे गळ्यात गळे घालून एकत्र सरकारात बसले. टीव्हीवर दोन्हीकडचे पुढारी एकमेकांचे हात उंच धरून हसत होते. काचवाल्याने टीव्ही बंद केला. त्याला तो फोडावासा वाटला होता.

धाकट्याचा हात वाचला, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. बोटं आता मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं ते औषधवाल्याच्या वडिलांचं डोकं कसं आहे. तो दगड आपलाच होता की नाही, हे त्याला कधीच कळायचं नव्हतं.

काचवाल्याने उरलेल्या काचा स्वतः घण घालून फोडल्या. मोठ्या रस्त्यावर कितीतरी दिवस फळ्याच ठोकलेल्या होत्या. शेवटी एका दुपारी औषधवाला दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"वडील?" काचवाल्याने विचारलं.

"उठून बसतात आता. आणि तो?"

"बोटं मिटत नाहीत."

औषधवाला म्हणाला, "काच बसवायची होती. दुसरीकडून बसवायची म्हटलं तर... नाही जमलं मला."

काचवाला उठला. जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं, तरी टेप घेऊन त्याच्या मागे गेला. फळ्या काढल्या. सवयीने त्याने टेपचं दुसरं टोक बाजूला पुढे केलं, आणि ते धरायला कुणी नव्हतं. ते टोक तसंच हवेत राहिलं. औषधवाल्याने ते बघितलं, पुढे आला आणि चौकटीच्या कोपऱ्यावर टेकवून धरलं. ज्या हाताने सळई फिरवली, तोच हात. टोक सारखं हलत होतं, माप लागेना.

"घट्ट धरा," काचवाला म्हणाला. "धाकटा कधी हलू द्यायचा नाही."