दर्भाचा कावळा

खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या भाताकडे एक कावळा मान वाकडी करून बघतोय. शिवत मात्र नाही. मला त्याच्याकडे बघवत नाही.

काल आईचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर दहाव्याचा विषय निघाला. त्या दिवशी घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा दादाने हात जोडून म्हटलं, "नंदाला आम्ही अंतर देणार नाही," आणि कावळा झपकन खाली आला. हे दादाला आठवतं, वहिनीला आठवतं, मलाही. उन्हात चमकलेला त्याचा पंखसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

नंदा, आमची बिनलग्नाची धाकटी बहीण, ताटं उचलता उचलता म्हणाली, "कावळा आलाच नव्हता. माझं नावही कुणी घेतलं नव्हतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला."

मग दादाला कुठलासा व्हिडिओ आठवला. "अगं, समांतर विश्वं असतात. तिथल्या आठवणी इकडे झिरपतात. तिघांनाही तेच आठवतंय, म्हणजे कुठेतरी घडलंच असणार. विज्ञान आहे हे!"

मी घाईघाईने मान डोलावली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"मग तिथली नंदा सुखात असेल," ती म्हणाली आणि पिशवी उचलून एकटीच स्टँडकडे निघाली. सोडायला कुणीही उठलं नाही.

कावळा अजून बसलाय. दादाचं घाटावरचं ते वाक्य मला तोंडपाठ आहे. तोंडातून मात्र निघत नाही.