खड्ड्याचा खरा आकडा

केडगावातल्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या खताचा खड्डा मीच हट्टाने सुरू केला. तो ठेवायचा की बुजवून कचरा घंटागाडीला द्यायचा, हे रविवारच्या बैठकीत ठरणार होतं. मी आठवडाभर कचरा काट्यावर तोलला. तो कचरा डेपोत कुजला तर हवेत किती मिथेन जाईल आणि त्याचं खत केलं तर किती, याचा अंदाज कागदावर मांडला. आमचा खड्डा सहज जिंकत होता.

शनिवारी दूध घालायला आलेल्या मावशी खड्ड्यापाशी थांबल्या. "बाई, ह्ये खत न्हाई, डबकं हाय. आत हवाच न्हाई. वास येत न्हाई व्हय तुमाला?"

वास येत होता, मी कबूल करत नव्हते इतकंच. मी धरलेला आकडा हवा खेळणाऱ्या खताचा होता. आमच्या खड्ड्यात डेपोसारखंच मिथेन तयार होत होतं.

बैठकीत मी हे स्वतःच सांगितलं. तळमजल्यावरचे काका खूश झाले. "म्हणजे बुजवायचा!"

"पंधरा दिवस द्या."

"तोवर नाक धरून बसू?"

"बसा की, घरीच तर असता."

मुदत मिळाली. आत हवा खेळावी म्हणून आवारात रोज जाळला जाणारा पालापाचोळा मी खड्ड्यात टाकायला लावला आणि एक दिवसाआड सगळं फावड्याने खालीवर केलं. धूरही आपोआप थांबला.

पंधराव्या दिवशी काका खड्ड्यावर वाकले आणि दोनदा हुंगून म्हणाले, "काहीच येत नाही हो वास." सूर तक्रारीचाच होता.

खड्डा राहिला. मी फावडं त्यांच्याच हातात दिलं.