तेवीस घरांची ओसरी

सुलभाताईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या टेबलाखाली होत्या. इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकच्या हॉलमध्ये, आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. टेबलाखालून दोन पाय आणि वायरींचा एक गुंता दिसत होता. हॉलची व्यवस्था पाहणाऱ्या बाई असाव्यात असे समजून मी म्हणालो, "बाई, एक खुर्ची मिळंल का? गुडघे दुखतात." त्या बाहेर आल्या, ओढणीची धूळ झटकली आणि स्वतः खुर्ची आणून दिली. थोड्या वेळाने त्याच बाई स्टेजवर बोलायला उभ्या राहिल्या. सँडीफोर्डच्या मोठ्या कंपनीतल्या इंजिनीअर त्या ह्याच, असे माझ्या मुलाने कानात सांगितले. मला घरी जावेसे वाटू लागले. मी सातवी शिकलेला माणूस, हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य गेले. कार्यक्रम संपल्यावर माफी मागायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "काका, आज दिवसभरात मला करता आलेलं सरळ काम तेवढं एकच होतं."

त्या सुलभाताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथात मी लिहावे असे मंडळाने सांगितले. मी चार वेळा नाही म्हणालो. ताईंनी जे उभे केले ते मला अजून पूर्ण समजलेले नाही, आणि न समजलेल्या गोष्टीचा गौरव करताना काही चुकीचे लिहिले जाईल याची भीती वाटते. चुकल्यास दोष माझा, ताईंचा नव्हे.

त्या दिवशी स्टेजवरून ताईंनी 'ओसरी'ची माहिती दिली. आपली गाणी, भाषणे, फोटो, पाककृतींचे व्हिडिओ एखाद्या कंपनीच्या गोदामात न ठेवता आपण आपल्याच घरात ठेवायचे. आयर्लंडमधल्या आपल्या तेवीस घरांत एकेक छोटी पेटी, म्हणजे लहानसा संगणकच. प्रत्येक पेटीत सगळ्यांचे सगळे. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी, म्हणजे ही वस्तू कोणी घ्यावी, कशासाठी घ्यावी, कोणाचे नाव लावावे. चिठ्ठी वाचायची आणि तसे वागायचे, कोणाच्या पाया पडायचे नाही.

मी विचारले, "याचा मालक कोण?"

"कुणी नाही, काका."

"मग तक्रार कोणापाशी करायची?"

सगळे हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. पुढे तो माझ्यावरच उलटणार आहे हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हते.

माझ्याजवळ एक कॅसेट होती. आमच्याकडे विदर्भात भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, टाळ्या वाजवून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. माझी पत्नी कमल आमच्या गल्लीची भुलाबाई चालवायची. एका संध्याकाळी मी तिचा आवाज टेप केला होता. कमल जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिचा आवाज तेवढाच उरला होता.

ताईंनी ती कॅसेट एक रविवार घालवून ओसरीवर चढवली. चिठ्ठी मात्र मी भरली. पर्याय छापलेले होते: फक्त घरचे, मंडळातले, कोणीही पण विकायचे नाही, कोणीही आणि कशासाठीही. ताईंनी दोनदा विचारले, "काका, शेवटचा पर्याय नक्की?" मी ठामपणे हो म्हणालो. खिरापतीला आलेल्या पोराला कोणी 'तू का आलास' असे विचारते का? कमलने कधी कोणाला दारातून परत पाठवले नव्हते. मी तिच्याच रीतीने वागलो अशी माझी समजूत होती.

दोन महिन्यांनी माझी नात ईरा फोन घेऊन धावत आली. "आजोबा, इज धिस आजी?" गाद्यांची जाहिरात होती. एक गोरा माणूस मऊ गादीवर पसरलेला, आणि मागे माझी कमल टाळ्या वाजवून गात होती. दुपारी पाच मिनिटे आडवा झालो तरी जी मला उठवायची, तिच्या आवाजावर लोक झोपत होते. ईराला गंमत वाटली. मला जेवण गेले नाही.

मी ताईंना फोन लावला. "ताई, मले ते परत पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

"काका, चिठ्ठीप्रमाणे त्याने काही चूक केलेली नाही."

"तुम्ही बनवलं ना हे? मग तुमच्यापाशी चावी असंल."

"चावी ठेवली असती तर ती ओसरी राहिली नसती, काका. माझं घर झालं असतं."

मी रागाने फोन ठेवला. त्याची लाज आजही वाटते. ताईंनी त्या वाक्यावर विषय सोडला नाही. जाहिरात करणाऱ्या माणसाला त्यांनी पत्र लिहिले. त्यात कायदा काढला नाही, कमल कोण होती ते सांगितले. त्या भल्या माणसाने आठवड्यात आवाज काढून दुसरे संगीत घातले. मग माझ्या हट्टाखातर ताईंनी तेवीस घरांना एकेक फोन केला, कारण प्रत्येक घराने स्वतःच्या हाताने पुसल्याशिवाय वस्तू जात नाही. नोकरी सांभाळून, लुआस ट्रॅममध्ये उभ्याने प्रवास करताना त्या लोकांना माझी अडचण समजावत होत्या. बावीस घरांतून पुसले गेले. राहिले एनिसचे डॉक्टर सबनीस. ते भारतात गेले होते आणि त्यांची पेटी बंद होती. त्यांनी तिथूनच फोनवर पुसण्याचा होकार दाबला. पेटी सुरू होऊन तिला इंटरनेट मिळाले की पुसले जाणार होते.

मला हायसे वाटले. त्या आनंदात मी जुना टेपरेकॉर्डर काढला आणि कमलची कॅसेट लावली. आता ती फक्त माझी होती. दोन ओळी ऐकू आल्या आणि आवाज घोगरा झाला. फीत आत गुंडाळली जात होती. मी घाबरून झाकण उघडले आणि ओढली. ओढायला नको होती. हातात तुकडे आले.

कसे सांगावे ते कळेना, तरी ताईंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, "आता फक्त एनिसला आहे. पण तो होकार मागे घेता येत नाही, काका. पुसतो म्हणून कुणी गुपचूप ठेवून घेऊ नये, यासाठी मीच तसं बनवलं." सबनीस त्या वेळी विमानात होते, फोन बंद होता, उतरल्यावरही लागेल याचा भरवसा नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी पोचणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताईंची गाडी आमच्या दारात उभी होती. पाऊस आणि एनिसपर्यंत एवढे अंतर, त्यात त्यांना रक्तदाबाचा त्रास. मी वाटभर वेग पाहत होतो आणि माफी मागत होतो. त्या म्हणाल्या, "काका, चूक माझी आहे. तुमच्या मनातली परवानगी माझ्या चार पर्यायांत बसत नव्हती. मी दोनदा विचारलं, पण 'का' ते विचारलं नाही."

एनिसला आम्ही दीड तास गाडीत बसून वाट पाहिली. सबनीसांची टॅक्सी आली. सबनीसवहिनींनी दार उघडले आणि थेट वर जायला निघाल्या. पेटी त्यांच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांखाली ठेवलेली होती.

"वहिनी, थांबा!" ताई जिन्यापाशी धावल्या. "पेटीला हात लावू नका!"

"अगं, आंघोळ तरी करू दे. आधी ती पेटी लावते, म्हणजे टॉवेल जरा ऊब धरतात."

"पेटीवर टॉवेल वाळवता तुम्ही?"

"मग काय! तुझ्या ओसरीचा आम्हाला झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग."

डॉक्टर हसत सुटले. ताईंनी आधी घरातले इंटरनेट बंद केले, मग डॉक्टरांना विचारले, "पेटी तुमची आहे. सुरू करू?" आणि मग मला विचारले, "काका, आवाज तुमचा आहे. उतरवून घेऊ?" एवढ्या घाईतही त्यांनी दोघांना विचारले. मी मानेनेच हो म्हटले.

बैठकीच्या खोलीत आम्ही ऐकले. टाळ्या, गाणे, मग कमलचा प्रश्न आणि मुलींचा गलका, शेंगदाणे, पेढे, मुरमुरे. प्रत्येक वेळी तिचे ते लांबवलेले "नाऽऽही." आणि सर्वांत शेवटी, माझ्यासाठी, "अवं, बंद करा आता ते, सेल जळून रायले." वहिनींनी डोळे पुसले, टॉवेलानेच.

ताईंनी त्यानंतर चिठ्ठीत एक रिकामी जागा ठेवली. ज्याला छापील पर्याय पटत नाहीत त्याने आपल्या शब्दांत लिहावे. पहिले लिहिणे माझे. मला आठ दिवस लागले. मी लिहिले, "दारात आलेल्या कोणालाही ऐकवावे. पण कमल गाते आहे हे आधी सांगावे, आणि तिच्या आवाजावर काही विकू नये." तेवीस घरांनी ते परत ठेवून घेतले. आता इथली मुले आपल्या खोल्यांत बसून आयरिश सुरात खिरापत ओळखतात. ईरा दर वेळी "पिझ्झा?" असे ओरडते आणि कमल दर वेळी नाही म्हणते.

मालक नसलेली वस्तू कशी टिकते ते मला अजून कळत नाही. ताईंना विचारले तर त्या म्हणतात, त्यांनाही रोज थोडे थोडेच कळते. ताईंनी दुपारचे जेवण चुकवू नये, पावसात गाडी हळू चालवावी, आणि माझ्यासारख्यांचे फोन आले तर कधीतरी उचलू नयेत, एवढे या वयाच्या अधिकाराने सांगतो.

सत्काराच्या दिवशी मी एक झाकलेला डबा आणणार आहे. त्यात काय आहे ते ईरालाही सांगितलेले नाही. ताई, तुम्ही ओळखायचे आहे. दर वाढदिवसाला एकदाच विचारीन, आणि तुमचा शंभरावा येईपर्यंत उत्तर, कमलच्याच सुरात, नाऽऽही.